मामा तलावांची तालुक्याची एकच नोंद: पाच-सहा कार्यालयांचे कागद जुळवायची पद्धत

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) कुठल्याही माजी मालगुजारी म्हणजे 'मामा' तलावाच्या पाळीवर उभं राहून विचारा, हा तलाव किती हेक्टरचा? जिल्हा परिषदेचा लघु सिंचन विभाग एक आकडा सांगेल, सातबारा दुसरा, मत्स्यव्यवसाय कार्यालय तिसरा. भूमी अभिलेखच्या नकाशावर त्याचा आकार चौथाच निघेल. जमीन वनकक्षात असेल तर वन विभागाचा कागद निराळा, आणि ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत बहुधा नुसतंच 'गाव तलाव' लिहिलेलं असेल. यामुळे गाळ काढायच्या आराखड्यातून तलाव सुटतात, एकाच पाळीची दुरुस्ती दोन योजनांत दिसते आणि अतिक्रमणाची मोजणी मागितली की कुठली हद्द धरायची यावरच वर्षं जातात.

या विखुरण्याला इतिहास आहे. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने आणि पुढे मालगुजारांनी (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी) बांधलेल्या या तलावांचं पाणी, मासळी आणि गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळातलं पीक) गावातल्या वहिवाटीने चालायची. १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, म्हणजे १९५१ पासून, तलाव सरकारजमा झाले. जमीन महसूलकडे राहिली आणि पाणी, मासळी व झाडोरा यांचा कारभार वेगवेगळ्या खात्यांकडे गेला. प्रत्येक खात्याने आपल्या कामापुरती नोंद ठेवली. त्यांच्या कामापुरती ती बरोबरही असते, म्हणून जुळवणीला बसताना कुणाची यादी 'चुकीची' ठरवून सुरुवात करू नये. बैठक तिथेच मोडते.

पुढची पद्धत एका तालुक्यासाठी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि पूर्व नागपूर डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली असली तरी पश्चिम विदर्भातल्या पाझर तलावांना आणि गावतळ्यांनाही थोड्या फरकाने लागू पडते.

पहिली पायरी: रकान्याचा मालक ठरवा

सगळ्या याद्या एका एक्सेलमध्ये ओतून 'अंतिम यादी' काढायचा मोह टाळा. अशी यादी पहिल्या दिवशी सुंदर दिसते. सहा महिन्यांनी कुठला आकडा कुणाचा हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मग प्रत्येक खातं मुकाट्याने आपल्या जुन्या रजिस्टरकडे परततं. तलावाला एक क्रमांक आणि प्रत्येक रकान्याला एकच जबाबदार कार्यालय, ही मांडणी टिकते. इतरांनी तो रकाना वाचायचा, वापरायचा, चूक दिसली तर हरकत नोंदवायची. बदल मात्र मालक कार्यालयानेच करायचा.

वाटणी साधारण अशी होते. भूमापन क्रमांक, अभिलेखातलं क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार तहसीलचा. हद्दीचा नकाशा उपअधीक्षक भूमी अभिलेख यांचा. पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार), सलंग (जादा पाणी वाहून जायचा सांडवा), साठवण आणि सिंचन क्षमता हे सिंचनाच्या यंत्रणेचं. इथे एक फाटा लक्षात ठेवा: १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, त्यावरचे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि त्याहून मोठे जलसंपदाकडे. म्हणून 'सिंचन विभाग' असा एकच शब्द आदेशात लिहू नका, कार्यालयाचं पूर्ण नाव लिहा. मासेमारीचा ठेका आणि सरासरी जलक्षेत्र मत्स्यव्यवसायकडे, किंवा ठेका जिथून दिला जातो त्या पंचायतीकडे. वनकक्ष क्रमांक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे. गावातलं चालू नाव, वापर आणि वहिवाट ग्रामपंचायतीकडे.

यासाठी वेगळा करारनामा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचा, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या सहमतीने निघालेला दोन पानी आदेश पुरतो. त्यात कुठला रकाना कुणाचा, माहिती कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या स्वरूपात द्यायची, दुरुस्ती कशी मागायची, काय लोकांना खुलं राहील आणि मूळ प्रत कुठे ठेवायची एवढं आलं पाहिजे. तालुक्याच्या गटात तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपअधीक्षक भूमी अभिलेख, सिंचनाचे शाखा अभियंता, वनपरिक्षेत्र अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि मत्स्यव्यवसायचा प्रतिनिधी असावा. प्रत्येकाने नाव देऊन एक काम करणारा माणूस नेमावा. 'संबंधित लिपिक' असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही.

दुसरी पायरी: जे आहे ते जसंच्या तसं गोळा करा

प्रत्येक कार्यालयाकडून यादी आहे त्याच रूपात घ्या. 'आमच्या नमुन्यात भरून द्या' असा तगादा लावू नका. नमुन्यात भरताना लोक रिकाम्या जागी अंदाज लिहितात, आणि तो अंदाज पुढे नोंद म्हणून जगतो. मिळालेली फाइल हात न लावता 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. फाइलच्या नावात कार्यालय आणि मिळाल्याची तारीख टाका, आणि साफसफाई प्रतीवर करा.

तहसीलमधून फक्त सातबारा घेऊन थांबू नका. गाव नमुना १-ब मध्ये सरकारी जमिनी असतात आणि १-इ मध्ये अतिक्रमणं, दोन्ही मागा. विदर्भात त्याहून मोलाचे दोन दस्तऐवज आहेत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांची तरतूद आहे. सरकारी पडीक जमिनीचा गावाने काय वापर करायचा हे निस्तार पत्रकात असतं. वाजिब-उल-अर्जात पाणी घेण्याच्या, मासे मारण्याच्या, वाटेच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. तलावाच्या पाण्यावरचा वाद अनेकदा याच दोन कागदांवर सुटतो, आणि हेच कागद रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यात खालच्या बस्त्यात सापडतात. त्यांचा फोटो काढा, नाव-पान टिपून ठेवा, आणि मजकूर सारांशाने न लिहिता जसाच्या तसा उतरवा.

जमिनीच्या प्रकारात 'झुडपी जंगल' दिसलं तर तिथे स्वतंत्र खूण करा. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच मानायच्या असा निकाल दिला. अशा भूमापन क्रमांकावरच्या तलावाचं काम आराखड्यात घेण्याआधी वन विभागाची परवानगी पाहावी लागते. ही खूण नसलेल्या याद्यांवरून कामं मंजूर होतात, मशीन पाळीवर पोहोचते आणि मग काम थांबतं.

तिसरी पायरी: गावाचा कोड आणि तलावाचा क्रमांक

जुळवणी नावावर करू नका, गावाच्या कोडावर करा. स्थानिक शासन निर्देशिकेतला सहा अंकी गावकोड धरा आणि शेजारी २०११ च्या जनगणनेचा कोड वेगळ्या रकान्यात ठेवा. नावाने का जमत नाही ते पूर्व विदर्भात लगेच कळतं. एकाच नावाची गावं चक, माल, तुकूम, रिठी असे शेपूट लावून उभी असतात, आणि कार्यालयं ते शेपूट कधी लिहितात, कधी गाळतात. रिठी गावात माणूस राहत नाही, पण मौजा असतो आणि त्यात तलावही असतो. ग्रामपंचायतीच्या यादीत मात्र रिठी दिसतच नाही. टोली, पोड, तांडा हे बहुधा मौजे नसतात; त्यांचा तलाव मूळ मौज्याच्या कोडाखाली घ्यावा लागतो.

तलावाचा क्रमांक साधा ठेवा: गावकोड, आडवी रेघ आणि दोन अंकी अनुक्रम. त्यात खात्याचं अक्षर, तलावाचा प्रकार किंवा क्षमता घुसवू नका, कारण उद्या तलाव एका यंत्रणेकडून दुसरीकडे हस्तांतरित झाला की क्रमांक खोटा पडतो. दोन मौज्यांत पसरलेल्या तलावाला, तुडुम ज्या मौज्यात आहे त्याचा कोड द्या आणि दुसरा मौजा वेगळ्या रकान्यात लिहा. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचा नाही. तलाव बुजला असेल तर ओळ काढून न टाकता स्थिती 'बुजलेला' अशी लिहा. नोंद गेली की बुजलेल्या तलावाच्या जागेवर बोलायचा आधारही जातो.

चौथी पायरी: साफसफाई

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. ठरलेल्या चुका अशा:

भूमापन क्रमांक १२/१ एक्सेलमध्ये टाकला की त्याची '१२ जानेवारी' किंवा '१ डिसेंबर' होते आणि मूळ आकडा परत मिळत नाही. फाइल थेट उघडू नका. आधी रिकामी शीट घ्या, क्रमांकाचे रकाने 'मजकूर' म्हणून ठरवा आणि मग आयात करा.

जुन्या याद्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. नुसता फॉन्ट बदलून त्या युनिकोड होत नाहीत, परिवर्तक वापरावा लागतो. परिवर्तनानंतर र्‍ह-ऱ्ह, रफार आणि जोडाक्षरं डोळ्याने तपासा. 'नवेगाव' आणि 'नवेगांव' संगणकाला दोन गावं वाटतात. शब्दामागे राहिलेली मोकळी जागाही तेच करते. देवनागरी आकडे छापायला चांगले, पण बेरजेच्या रकान्यात एकाच पद्धतीचे आकडे हवेत.

सातबारावर क्षेत्र हेक्टर आणि आर असं लिहिलेलं असतं. २ हेक्टर ४ आर कुणी '२.४' असं टंकलं की ते २ हेक्टर ४० आर होतं. हवं होतं २.०४. आरचा भाग एक अंकी दिसणारी प्रत्येक ओळ मूळ उताऱ्याशी ताडून पाहा. जुन्या कागदांत एकर असतात: १ एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर.

साठवणुकीत घोटाळा याहून मोठा होतो. एक दलघमी (दशलक्ष घनमीटर) म्हणजे १००० सहस्र घनमीटर. ८ हेक्टर जलक्षेत्र आणि सरासरी दीड मीटर खोली असलेल्या तलावात १,२०,००० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे १२० सहस्र घनमीटर, म्हणजे ०.१२ दलघमी. हा १२० चा आकडा दलघमीच्या रकान्यात पडला की तालुक्याची बेरीज मोठ्या धरणाएवढी होते. तपासणीसाठी एक साधा नियम वापरा: सरासरी खोली पाळीजवळच्या सर्वाधिक खोलीच्या निम्म्यापासून एक तृतीयांशापर्यंत येते. साठवण भागिले जलक्षेत्र केल्यावर खोली ६-७ मीटर निघाली तर एकक चुकलंय असं धरून कागद काढा.

पाचवी पायरी: जुळवणी, तीन फेऱ्यांत

पहिल्या फेरीत गावकोड आणि भूमापन क्रमांक दोन्ही तंतोतंत जुळणाऱ्या ओळी बांधा. उरलेल्यांत दुसऱ्या फेरीला गावकोड आणि नाव पाहा. नावातले 'मोठा तलाव', 'गाव तलाव', 'बोडी' (लहान तळं) असे सामान्य शब्द वेगळे काढा, नाहीतर गावातल्या तिन्ही बोड्या एकमेकींना चिकटतात. तिसरी फेरी नकाशावरची. दोन नोंदींचे बिंदू एकाच जलक्षेत्रात किंवा २०० मीटरच्या आत पडत असतील तर संशयित जोडी म्हणून खूण करा. आपोआप जोडू नका. उरलेलं माणसाने, तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) शेजारी बसवून करायचं.

भूमापन क्रमांकावर फेरी बसत नसेल तर बहुधा कारण एकच असतं: एका खात्याकडे जुना खसरा क्रमांक, दुसऱ्याकडे नंतरचा. जुन्या-नव्या क्रमांकांचा जुळवणी तक्ता भूमी अभिलेखकडून गावनिहाय मागा. एक तलाव पाच क्रमांकांवर आणि एका क्रमांकात दोन बोड्या, दोन्ही खरं असतं. म्हणून तलाव आणि भूमापन क्रमांक यांचा स्वतंत्र जोड-तक्ता करा. एका खान्यात स्वल्पविराम देऊन पाच क्रमांक कोंबले की ते पुन्हा शोधता येत नाहीत.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. बिंदू डब्ल्यूजीएस-८४ मध्ये (जीपीएस वापरतं त्या पद्धतीत), दशांश अंशांत, पाच घरांपर्यंत घ्या. ते साधारण एक मीटरपर्यंत नेमकं असतं. अंश-मिनिट-सेकंद तसेच टंकण्याची चूक फार महागात पडते: २० अंश ४५ मिनिटं ३० सेकंद म्हणजे २०.७५८३३. त्याऐवजी २०.४५३० लिहिलं तर तलाव जवळपास ३४ किलोमीटर दक्षिणेला जातो. एक सोपी चाळणी बसवा: विदर्भात अक्षांश १८.५ ते २२ आणि रेखांश ७५.५ ते ८१ यांच्याबाहेर आकडा गेला की ओळ लाल. क्षेत्र मोजायला यूटीएम (अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारी, पट्ट्यांत विभागलेली नकाशा-पद्धत) वापरा. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला पट्टा ४४, पश्चिमेला ४३. भंडारा-गोंदियाला हा प्रश्न येत नाही. अमरावती आणि यवतमाळ जिल्हे मात्र या रेषेवरच आहेत, तिथे पट्टा आदेशातच ठरवून टाका.

'क्षेत्र' या शब्दाचं काय करायचं

निम्मी भांडणं या एका शब्दातून निघतात. अभिलेखातलं क्षेत्र म्हणजे तलावाच्या नावावरची जमीन. तीत पाळ, पाळीखालची पट्टी, कधी गाळपेरीची जमीनही येते. पूर्ण जलपातळीचं जलक्षेत्र म्हणजे सलंगाच्या माथ्याशी पाणी आलं की जेवढं पसरतं तेवढं. सरासरी जलक्षेत्र हा मासेमारीच्या ठेक्याचा आधार. आणि ओलिताखालचं क्षेत्र तर तलावाबाहेरचं, धानाच्या बांध्यांचं. चारही आकडे एकमेकांशी जुळायला नकोत. जुळले तर उलट शंका घ्या, कुणीतरी एकाचा दुसऱ्यात उतारा केला असेल. यादीत चार वेगळे रकाने करा, शीर्षकात पूर्ण शब्द लिहा, नुसतं 'क्षेत्र' असा रकाना ठेवूच नका.

खरी तफावत तेव्हा मानायची, जेव्हा पूर्ण जलपातळीचं जलक्षेत्र अभिलेखापेक्षा जास्त निघतं, म्हणजे पाणी कुणाच्या तरी खाजगी सातबारावर उभं आहे. किंवा अभिलेखापेक्षा ते फारच कमी निघतं, म्हणजे गाळ, बेशरमचं रान किंवा अतिक्रमण.

जलक्षेत्र उपग्रहाच्या चित्रावरून काढणार असाल तर महिना नीट निवडा. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, दर पाच दिवसांनी येतात, एक ठिपका १० मीटरचा. ऑगस्ट-सप्टेंबरचं चित्र घेतलंत तर पाण्याने भरलेल्या धानाच्या बांध्या तलाव म्हणून मोजल्या जातील. फेब्रुवारीत उन्हाळी धानाची रोवणी झालेली असते, तेव्हा तोच गोंधळ. कापणी उरकल्यावरचे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरचे दिवस सगळ्यात स्वच्छ. शिंगाडा, कमळ किंवा जलपर्णीने झाकलेला भाग चित्रात जमीन दिसतो, त्यामुळे असे तलाव हाताने आखा. अर्ध्या हेक्टरखालच्या बोडीत पन्नासच ठिपके पडतात आणि त्यातले बरेच काठाचे असतात. बोडी फोन घेऊन काठाने चालूनच मोजावी.

सहावी पायरी: पाळीवर जा

शिवारफेरी दोनदा हवी. डिसेंबरात पाण्याच्या काठासाठी. एप्रिल-मेमध्ये तुडुम, सलंग, पाट आणि गाळपेर उघडी दिसतात तेव्हा. तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी, सिंचनाचा अभियंता, पाणी वापरणारे दोन शेतकरी आणि ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थेचा एक माणूस बरोबर घ्या. तलावाचं खोल कुठे, पूर्वी पाणी कुठवर यायचं, जुनं तुडुम कुठे गाडलंय हे संस्थेच्या माणसाला ठाऊक असतं, आणि बैठकीला नेमकं त्यालाच कुणी बोलावत नाही. दिवसाला चार ते सहापेक्षा जास्त तलाव धरू नका.

प्रत्येक तलावावर पाळीची दोन टोकं, तुडुम आणि सलंगाचा माथा यांचे बिंदू घ्या; काठावर सहा-आठ बिंदू. झाडाखाली फोनची अचूकता १० मीटरपर्यंत घसरते. उघड्यावर उभं राहून ती ५ मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. पाळीवरून आत आणि खाली असे दोन फोटो काढा, आणि तिथल्या तिथे कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. गावनकाशाशी ताडताना नकाशाच्या कोपऱ्यातलं प्रमाण आधी वाचा. १:४००० च्या आसपासच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. शाईच्या रेघेची जाडीच दोन मीटर खाते. त्या मर्यादेतल्या फरकाला अतिक्रमण म्हणू नका. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच ग्राह्य. फोनचा बिंदू तिथवर जायला कारण देतो, पुरावा ठरत नाही.

सातवी पायरी: गावासमोर वाचन आणि खुली प्रत

यादी अंतिम करण्याआधी गावाचं पान ग्रामसभेत वाचून दाखवा. गडचिरोली, चंद्रपूर आणि यवतमाळच्या अनुसूचित भागात तर हे टाळताच येत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) नियमांखाली लहान जलस्रोतांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला अधिकार आहे. आलेल्या हरकती रकान्याच्या मालक कार्यालयाकडे तारखेसह पाठवा आणि उत्तर येईपर्यंत त्या ओळीसमोर 'हरकत प्रलंबित' दिसू द्या. दोन खात्यांचे आकडे जुळत नसतील तर दोन्ही दाखवा. मधला आकडा काढून तडजोड करू नका.

खुली प्रत सीएसव्ही स्वरूपात (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी मजकूर-फाइल), यूटीएफ-८ मध्ये म्हणजे युनिकोडमध्ये द्या. स्कॅन केलेली पीडीएफ कुणालाच वापरता येत नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चं कलम ४ माहिती आपणहून खुली करायलाच सांगतं. मात्र सहहिस्सेदारांची नावं, मोबाइल आणि आधार क्रमांक, अतिक्रमण करणाऱ्याचं नाव हे त्या प्रतीत येऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं भानही ठेवावं लागतं. ठेका घेतलेल्या संस्थेचं नाव आणि ठेक्याची मुदत खुली असायला हरकत नाही.

वर्षभराचं वेळापत्रक

वर्षातून दोन तारखा पुरेत: १५ जानेवारीपर्यंत जलक्षेत्र, ठेके आणि पाणीसाठा, ३१ मेपर्यंत कामं, गाळ आणि हद्दीतले बदल. प्रत्येक बदलाची ओळ वेगळ्या बदल-नोंदीत जाऊ द्या: तलाव क्रमांक, रकाना, जुना आकडा, नवा आकडा, कुणी, कोणत्या कागदावरून, तारीख. गाळ काढल्याची नोंद घनमीटरमध्ये आणि योजनेच्या नावासह घ्या. ट्रॅक्टरच्या खेपांवरून काढलेला आकडा असेल तर तसंच लिहा.

बदल्यांचा हंगामही मेच्याच सुमाराला येतो आणि अशा नोंदी तेव्हाच मरतात. मूळ फाइल एका माणसाच्या पेन ड्राइव्हवर किंवा खाजगी ईमेलमध्ये न ठेवता तहसीलच्या आणि जिल्हा परिषदेच्या अशा दोन संगणकांवर ठेवा. पासवर्ड पदाच्या नावे घ्या. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत 'तलाव नोंद: फाइल, बदल-नोंद, प्रलंबित हरकती' अशी एक ओळ घालून घ्या, आणि नव्या माणसाने पहिल्याच आठवड्यात कुठलाही एक तलाव निवडून सगळे रकाने मूळ कागदापर्यंत मागे शोधून पाहावेत. ज्या रकान्याचा कागद सापडणार नाही, तो रकाना त्याच दिवशी मालक कार्यालयाकडे परत पाठवायचा.